आईचा बाप्तिस्मा : सांगली ते पुणे, सहा महिने

जानेवारी २०२३ मध्ये आईने चहा सोडला. आमच्या घरात ही केवढी मोठी गोष्ट होती, ते सांगलीच्या गावभागात वाढलेल्यालाच कळेल. सकाळी साडेपाचचा पहिला कप, बाबा पेपर वाचायचे तेव्हाचा दुसरा, दुपारी चारचा तिसरा. बाबा गेल्यानंतरही ती दोन कपांचंच आधण ठेवायची. आणि एक दिवस मी विश्रामबागेतून तिच्याकडे गेले तर ओट्यावर गवती चहा आणि आलं उकळत होतं, आणि चहापत्तीचा डबा धुऊन पालथा घातलेला.

"पित्त वाढलंय का?" मी विचारलं.

"नाही. बस जरा. तुला सांगायचंय."

त्या दिवसापासून जूनअखेरपर्यंत काय काय झालं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तेव्हा मी खूप शोधलं होतं, पण आपल्या भाषेत, आपल्या भागातल्या कुणी लिहिलेलं असं काही सापडलं नाही. कुणाच्या घरी आई किंवा वडील बाप्तिस्मा घेऊन, म्हणजे पाण्याच्या विधीने, ख्रिस्ती व्हायचा निर्णय घेत असतील, तर निदान पुढची पायरी कोणती ते तरी कळेल.

थोडं मागे जाते. बाबा मे २०२१ मध्ये गेले, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. आईला त्यांचा चेहरा पाहता आला नाही. दहावं, तेरावं सगळं झालं, वर्षश्राद्धही झालं. पण ती "गेले" असं म्हणत नसे, "नेले" म्हणायची. २०२२ च्या दिवाळीनंतर ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मावशीकडे गेली आणि दोन महिने राहिली. मावशीच्या शेजारी एक कुटुंब होतं. डोळ्याला पट्टी असताना शेजारची बाई तिला रोज काहीतरी वाचून दाखवायची. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, आमच्यात नवराबायकोचं नातं मरणाने तुटत नाही, मंदिरात विधी केला की ते कायमचं राहतं. आईला हे एक वाक्य पुरलं. पुढचं सगळं तिने त्या वाक्याच्या मागे जाऊन शोधलं.

ते कुटुंब द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचं होतं. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव न वापरता पूर्ण नाव वापरा असं सांगितलं, म्हणून ती मंडळी पूर्ण नाव घेतात. आई सुरुवातीला "ते पुण्याचं चर्च" एवढंच म्हणायची.

मी घाबरले, हे आधी सांगून टाकते. कुणीतरी आईच्या दुःखाचा फायदा घेतंय असं वाटलं. पेन्शनवर डोळा असेल, घरावर असेल. पहिले पंधरा दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. सकाळी फोन करून "गोळ्या घेतल्यास का" एवढंच. नंतर ते दिवस वाया घालवल्यासारखे वाटले. तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्याच आठवड्यात शेजारी बसा आणि ती काय ऐकते ते तुम्हीही ऐका.

फेब्रुवारीपासून मी तेच केलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दोन मुली शिकवायच्या, एक नागालँडची, एक आंध्रातली, दोघी विशीतल्या. मुली या धर्मप्रचाराच्या सेवेला दीड वर्षासाठी जातात, मुलगे दोन वर्षांसाठी, आणि नेहमी जोडीने राहतात. त्यांना 'सिस्टर' म्हणायचं असतं. आई "पोरींनो" म्हणायची. बोलणं हिंदीत. आईचं हिंदी म्हणजे सांगलीचं, "वो मैं बोलतीय की", पण त्यांचं जमलं.

धडे ठरलेले असतात. पहिला जोसेफ स्मिथचा : अमेरिकेतला शेतकऱ्याचा पोरगा, जन्म १८०५, कोणता पंथ खरा असा प्रश्न पडून रानात प्रार्थना करायला गेला, १८३० मध्ये त्याने मॉर्मनचा ग्रंथ छापला आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्च स्थापन केलं, १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात त्याला गोळ्या घातल्या. मग माणूस जन्माआधी कुठे होता आणि मेल्यावर कुठे जातो हा धडा. मग श्रद्धा, पश्चात्ताप, बाप्तिस्मा. शेवटी नियम : दारू, तंबाखू, चहा, कॉफी नाही, रविवार देवाचा, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. मी मध्येच प्रश्न विचारायचे, कधी तिरकेही. त्या मुली चिडल्या नाहीत. एकदा मी म्हटलं, "तुम्ही दारोदार फिरून आणखी किती जणांना हे सांगता?" आंध्रातली म्हणाली, आम्ही दारं वाजवत नाही, कुणी ओळखीने बोलावलं तरच बोलतो.

चहा सोडणं आईला वाटलं त्यापेक्षा जड गेलं. आठ दिवस डोकं ठणकत होतं. चहाच्या झाडाची पानं चालत नाहीत, बाकी काढे चालतात. गवती चहा, आलं, तुळस, रात्री हळदीचं दूध. हळदीच्या गावात राहून ते प्यायला आम्ही विसरलो होतो. एकदम सोडण्यापेक्षा दोन आठवड्यांत एकेक कप कमी करत आणला असता तर तिला त्रास कमी झाला असता.

बातमी फुटली ती मार्चमध्ये. दादा इचलकरंजीहून आला, काका आले, कर्नाटकातल्या अथणीची आत्याही आली. काकांचा पहिला प्रश्न : "म्हणजे वहिनी, तुम्ही मिरजेच्या चर्चात जाणार?" आमच्याकडे ख्रिस्ती म्हटलं की मिरज. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला तेव्हापासून तिथे ख्रिस्ती वस्ती आहे, आणि आमच्या सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी तिथे बरं होऊन आलेलं आहे. आईची एक जुनी मैत्रीण, निवृत्त नर्स, त्याच समाजातली. मी तिच्याकडे गेले. ती प्रेमाने पण स्पष्ट बोलली : "ते लोक आमच्यातले नाहीत ग. आमचा बाप्तिस्मा ते धरत नाहीत, त्यांचा आमच्याकडे धरत नाहीत. बायबल दोघांचं, पण त्यांचा आणखी एक ग्रंथ आहे." हे ऐकून मला थोडं बरं वाटलं, निदान कशाबद्दल बोलतोय ते कळलं. जाता जाता ती म्हणाली, "तिला एकटी पाठवू नकोस पुण्याला."

दादाचा राग दहाव्या हिश्शावर होता. आईला बाबांची कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम मिळते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यातला दहावा भाग म्हणजे महिन्याचे अठराशे चाळीस रुपये. दादा म्हणाला, "बाबांच्या कष्टाचे पैसे आहेत ते." आई म्हणाली, "मग नारळीपौर्णिमेला, गुरुपौर्णिमेला, वाडीला जाताना मी काय देत होते? ते कुणाच्या कष्टाचे होते?" नरसोबाच्या वाडीला ती वीस वर्षं पौर्णिमेला जायची. कुणी काही बोललं नाही. तो वाद त्या दिवशी मिटला नाही, आजही पूर्ण मिटलेला नाही.

कायद्याचा भाग इथे एकत्र लिहिते. आमच्या ओळखीच्या वकिलांकडे मी आणि आई विजयनगरला कोर्टात गेलो, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दोन तास थांबून. त्यांनी सांगितलेलं : संविधानाच्या २५ व्या कलमाने स्वतःचा धर्म निवडायचा हक्क आहे. त्या वेळी महाराष्ट्रात धर्मांतरासाठी वेगळा कायदा नव्हता. शेजारी कर्नाटकात मात्र २०२२ च्या कायद्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागत होतं. अथणीच्या आत्याकडे विधी करायचा विचार कुणी करू नये, एवढं त्यांनी बजावलं. हे कायदे बदलत राहतात, म्हणून तुमच्या वेळी तुमच्या वकिलाला नव्याने विचारा.

बाबांचा वारसा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी लागला, त्या दिवशी आई हिंदू होती, त्यामुळे घरातला तिचा हिस्सा जात नाही. पण आमची सिटी सर्व्हेला वारस नोंद राहिली होती. ती आधी करा, ते म्हणाले. त्यात सव्वा महिना गेला. दोन वेळा कागद परत आले, कारण मृत्यूच्या दाखल्यावर बाबांच्या नावात एक वेलांटी चुकली होती. दुसरी गोष्ट, आईच्या नंतर तिच्या मिळकतीला हिंदू वारसा कायद्याऐवजी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागेल, म्हणून मृत्युपत्र करून ठेवावं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच. आईने केलं. दादाची बरीच काळजी तिथे उतरली.

आम्ही मराठा, त्यामुळे सवलतींचा प्रश्न नव्हता. पण ज्यांच्याकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे त्यांनी हे नीट समजून घ्यावं : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही.

आईला सगळ्यात मोठी भीती पेन्शन बंद होईल याची होती. पंचायत समितीतल्या क्लार्कताईंनी फाइल उघडून दाखवली आणि म्हणाल्या, "मावशी, ह्यात धर्माचा रकानाच नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला तेवढा द्या." आधार कार्डावरही धर्म नसतो. नाव बदलावं लागत नाही, त्यामुळे राजपत्रात जाहिरात द्यायची आम्हाला गरज पडली नाही. कुणाला कागदोपत्री धर्म बदलायचा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. आईने फक्त शंभराच्या स्टॅम्पपेपरवर "मी स्वेच्छेने, कुठलंही आमिष वा दबाव नसताना" असं प्रतिज्ञापत्र करून नोटरी केलं. चर्चने ते मागितलं नव्हतं. वकील म्हणाले, घरात असू द्या. नोटरी आणि टायपिंग मिळून साडेचारशे रुपये गेले.

बाप्तिस्म्याआधी काही रविवार प्रत्यक्ष सभेला हजर राहावं लागतं, आणि आमच्यासाठी सभा म्हणजे पुणे. पहिल्यांदा आम्ही १८ मार्चला, शनिवारी निघालो. आदल्याच दिवसापासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं. ज्येष्ठ म्हणून आईचं अर्धं होतंच, आता माझंही. पेठ नाका, कराड, सातारा करत स्वारगेट. साधारण पाच-सहा तास धरा. शनिवारी मुक्काम मावशीकडे, रविवारी सभा, दुपारची गाडी धरून रात्री सांगली. सहा वेळा असं केलं. पाठीचा त्रास असेल तर एक उशी घ्या, आणि सोमवारी रजा ठेवा.

सभा दोन तासांची. मी मोठ्या वेदीची, घंटांची कल्पना केली होती. तिथे साध्या खुर्च्या, एक पियानो, आणि पाव व पाण्याचे छोटे पेले. पगारी धर्मगुरू नसतो. शाखेचा अध्यक्ष दिवसा नोकरी करणारा माणूस. त्यांनी आईला पहिल्या भेटीत विचारलं, "मुलांना माहीत आहे का?" आणि मोठ्या मुलाचा विरोध आहे कळल्यावर म्हणाले, घाई करू नका, घरी बोला. एप्रिलची तारीख त्यामुळे जूनवर गेली. त्या दिवशी माझी पुष्कळशी भीती गेली. फसवणारा माणूस तारीख पुढे ढकलत नाही, असं मला वाटलं.

तिथेच कुणीतरी सांगितलं की या चर्चचा ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश प्रचारक १८५० च्या दशकात मुंबई-पुण्यात येऊन गेला होता. आईने हे काकांना सांगितलं, "नवीन नाही हो हे, पणजोबांच्या काळातलं आहे." काकांना जुनं असलं की निम्मं पटतं.

बाप्तिस्म्याआधी चर्च घेतं ती मुलाखत १० जूनला झाली. प्रश्न गुप्त नसतात, धड्यांतच आधी सांगतात : देवावर, येशूवर, जोसेफ स्मिथवर विश्वास आहे का, आयुष्यात गंभीर गुन्हा झाला आहे का, नियम पाळणार का. पण मुलाखत बंद दाराआड होते, मला बाहेर थांबावं लागलं. पंचवीस मिनिटं. ती डोळे पुसत बाहेर आली. मी काही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

फॉर्म भरताना जन्मतारखेपाशी अडलं. आधारवर १ जून १९५५ आहे. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली, आपल्याकडे निम्म्या लोकांची असते तीच. आईला फक्त "गौरी बसल्या होत्या त्या दिवशी" एवढं माहीत. खोटी तारीख देवाच्या कागदावर कशी लिहू, यावर ती हटून बसली. शेवटी कार्डावरचीच लिहायची असं ठरलं. घरून निघतानाच आधार, पूर्ण नाव, जन्मगाव हे एका कागदावर लिहून न्या.

निघायच्या आदल्या रात्री तिने देव्हारा आवरला. याबद्दल कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, तिचं तिने ठरवलं. चांदीचे टाक चिंचेने घासले, कोरड्या फडक्याने पुसले, नव्या खणात बांधले, आणि वहिनीला बोलावून तिच्या ओटीत घातले. "कुळाचार घराण्याचा आहे, माझा एकटीचा नव्हे. तू कर. रविवारी खंडोबाला भंडारा विसरू नको." वहिनी रडायला लागली. दादा दाराशी उभा होता. तो पुढे आला नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी घेऊन त्यानेच आम्हाला स्टँडवर सोडलं.

आता पाण्याचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात माडीच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होतं. आईला आणि बाबांना बोटीतून काढलं. तेव्हापासून ती तोंडावर पाणी घेत नाही. आंघोळीतही डोक्यावरून तांब्या ओतत नाही, हाताने पाणी लावते. आणि या बाप्तिस्म्यात संपूर्ण शरीर पाण्याखाली जावं लागतं. शिंपडलेलं चालत नाही. केसाचं टोक, कपड्याचा काठ जरी वर राहिला तरी पुन्हा करतात. ते पाहायला दोन साक्षीदार कडेला उभे असतात.

मी त्या पोरींना हे आधी सांगितलं, आणि ते बरं झालं. त्यांनी कोरड्या जमिनीवर सराव करून घेतला : डाव्या हाताने बाप्तिस्मा देणाऱ्या भावाचं (चर्चमधल्या पुरुषांना भाऊ म्हणतात) मनगट धरायचं, उजव्या हाताने नाक, गुडघे वाकवायचे, मागे रेलायचं, बाकी तो धरतो. सांगलीत मी तिला पलंगाच्या कडेला रोज दहा वेळा करायला लावलं. कपडे पांढरे लागतात. चर्चकडे असतात, पण आई आयुष्यात साडीशिवाय काही नेसलेली नाही, आणि साडीचा घोळ पाण्यात वर तरंगतो. शेवटी हरभट रोडवरून जाड पांढरं पॉपलिन घेतलं आणि अस्तर लावून लांब बाह्यांचा पंजाबी ड्रेस शिवला. कापड आणि शिलाई अकराशे रुपये. ओला झाल्यावर आरपार दिसणार नाही असंच कापड घ्या. बाप्तिस्म्याची फी काही नसते.

शनिवार, २४ जून २०२३. एक गाणं, एक प्रार्थना, दोन छोटी भाषणं. मग पडदा बाजूला झाला आणि टाइल्सच्या हौदात, छातीभर पाण्यात आई दिसली, पांढऱ्या कपड्यांत, केसांची घट्ट वेणी. ओठ हलत होते. शाखेतल्या एका मध्यमवयीन भावाने उजवा हात कोनात वर धरला आणि तिचं पूर्ण नाव घेतलं. आपल्याकडे बाईचं पूर्ण नाव म्हणजे तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. त्या खोलीत, त्या अनोळखी माणसाच्या तोंडून, बाबांचं नाव मोठ्याने उच्चारलं गेलं. दोन वर्षांत कुठल्याही विधीत ते नाव ऐकून मला रडू आलं नव्हतं, तिथे आलं.

ती पाण्याखाली गेली आणि एक पाय वर आला. साक्षीदाराने मान हलवली. पुन्हा. मला वाटलं आता ती बाहेर येईल, घाबरेल, नको म्हणेल. ती म्हणाली, "थांबा जरा." श्वास घेतला. डोळे मिटले. परत नाव, परत बाबांचं नाव. या वेळी पूर्ण गेली. वर आली तेव्हा डोळ्यांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

टॉवेल दोन न्या, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना आधी विचारा. आम्ही विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी रविवारच्या सभेत डोक्यावर हात ठेवून तिला चर्चची सदस्य केलं. दोन्ही विधी लागोपाठच्या दिवशी ठेवले तर बाहेरगावच्यांची एक फेरी वाचते.

२९ जूनला आषाढी होती. तिने माझ्या मुलीसाठी साबुदाण्याची खिचडी केली, स्वतः पोळीभाजी खाल्ली. २ जुलै, महिन्याचा पहिला रविवार, हा त्यांचा उपवासाचा. दोन वेळचं जेवण नाही, पाणीही नाही, आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. तिला साखर आहे, म्हणून डॉक्टरांनी नको सांगितलं. चर्चमधूनही आजाऱ्याने करू नये असंच आलं. ती थोडी हिरमुसली.

एकच गोष्ट तिने स्वतःहून लिहून ठेवली : मला अग्नी द्यायचा, कृष्णेकाठी, बाबांना दिला तसा. त्यांच्यात दफन करतात, पण दहनाला मनाई नाही, घरच्यांनी ठरवायचं असतं. हे काकांना वाचून दाखवल्यावर ते पहिल्यांदा तिच्या घरी जेवले.

आता तिचं लक्ष चर्चच्या मंदिराकडे आहे, मावशीच्या शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या त्या. नवीन सदस्याला मंदिरातल्या पुढच्या विधींसाठी वर्षभर थांबावं लागतं. बंगळुरूचं मंदिर २०१८ मध्ये जाहीर झालं, आमच्या वेळी त्याचं बांधकाम चालू होतं. तिथे बाबांच्या वतीने विधी करायचे, मग दोघांचं नातं बांधायचं. दादाने विचारलं, "बाबांना कुणी विचारलं?" आई म्हणाली, "विधी झाला तरी घ्यायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवायचं असतं. नको म्हणाले तर म्हणू देत."

त्यासाठी वंशावळ लागते. लहानपणी आमच्याकडे हेळवी यायचा, बैल घेऊन, आणि अंगणात बसून पिढ्यांची नावं गडगडत म्हणायचा. काकांनी त्यातली सात पिढ्यांची नावं लिहून ठेवली होती. ती वही आईने मागून घेतली. सगळी पुरुषांची नावं. पणजीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मी अथणीला आत्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. आत्या बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आजी एकदा म्हणाली होती की," आणि तिने नाव सांगितलं.

आईने चष्मा लावून ते सावकाश लिहिलं. मग फोनकडे वाकून विचारलं, "आणि वन्सं, तिच्या आईचं?"